सेल्फ कधी घेतो, कधी नाही

सांगवीतून पहाटे निघणाऱ्या पिकअपमध्ये कधी दुधाचे कॅन असतात, कधी पुण्याच्या गुलटेकडी बाजारात जाणारी भाजी. गाडी रोजच चालू होत नसेल तर दोष लवकर सापडतो. छळते ती चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी अडणारी. मिस्त्रीच्या दारात ती पहिल्या किल्लीला चालू होते, मग अंदाजाने एकेक सामान बदलणं सुरू होतं आणि मालकाचे पैसे जातात.

‘हेडलाइट झकास लागतात, म्हणजे बॅटरी चांगली’ हे बरेच जण खात्रीने सांगतात. पण 55 वॅटचे दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, तर डिझेल पिकअपचा सेल्फ फिरताना दोनशेच्या घरात ओढू शकतो. मीटरवरचे 12.6 व्होल्टही बॅटरीवर भार नसतानाचे. चार्ज असलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना साधारण 9.6 च्या खाली गेला, तर तिच्यावर संशय घ्यावा.

उलट बाजूने, सेल्फ मरगळला की लगेच नवी बॅटरी घेणंही घाईचं. केबलच्या जोडात फक्त 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 200 अँपिअर जाताना तो 2 व्होल्ट खातो. मीटर ओहमवर ठेवून तो सापडत नाही, करंट वाहत असतानाच मोजावा लागतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, आणि दुसऱ्या माणसाने किल्ली फिरवायची. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष त्या वाटेत. मग मायनस खांब ते इंजिनचा ब्लॉक, तिथे 0.2 पेक्षा जास्त नको.

ही आर्थिंगची बाजू आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. गाडी वरचेवर धुतली जाते, खताच्या गोण्यांतून युरिया-पोटॅश सांडतं, आणि इंजिन ते चेसिस जाणाऱ्या पट्टीचा बोल्ट आतून गंजतो. केबलचं रबर वरून धडधाकट, पण टोकाशी सोलून पाहा: तांब्याच्या तारा हिरव्या पडून चुरा झालेल्या. खड्ड्यात गाडी आदळली की तारा जुळतात किंवा सुटतात, म्हणूनच ‘कधी घेतो, कधी नाही’.

आवाज नीट ऐकावा. भराभर टक-टक-टक म्हणजे बहुधा व्होल्टेज बसतंय. एकच जोरदार टक् आणि पुढे शांतता असेल, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असू शकतात. काहीच आवाज नसेल तर किल्लीचा स्विच, रिले, काही गाड्यांत क्लचचा स्विच.

‘धक्क्याने चालू झाली, म्हणजे बॅटरीच गेली’ हेही खरं नाही. धक्का देताना सेल्फ आणि त्याची केबल कामातच येत नाहीत, त्यामुळे दोष त्यांच्यातही असू शकतो. आणि डायनॅमो तपासायला चालू गाडीची टर्मिनल काढण्याची पद्धत आता बंदच व्हायला हवी. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं. डायनॅमोचे डायोड जळू शकतात, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बाद होऊ शकतो. टर्मिनल न काढता बॅटरीवर मीटर लावा, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास दिसायला हवं.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन उचलत नाही, ही तक्रार वेगळी. इथे इथेनॉलला दोष देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: ते पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळतात, डिझेलमध्ये नाही. डिझेल गोठण्याची भीतीही इथली नाही. उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल इंडियन ऑइलने 2019 मध्ये आणलं ते लडाखसाठी. आपल्याकडच्या थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी होतो आणि आधीचाच दोष उघडा पडतो.

रात्रभर उभी राहून सकाळीच अडत असेल, तर हीटर प्लग तपासावेत, आणि डिझेलच्या लाइनने हवा धरलीय का हेही. हातपंप असलेल्या गाडीत तो कडक होईपर्यंत दाबा. लगेच चालू झाली तर पाइपचा क्लिप किंवा फिल्टरची रिंग कुठेतरी हवा घेतेय. याउलट तापल्यावर बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होणाऱ्या कॉमन रेल गाडीत क्रँक सेन्सरकडे बघावं.

म्हणून शेतात गाडी अडली की चार माणसं धक्क्याला लावण्याआधी दोन मिनिटं द्या. इंजिन गार की गरम, सेल्फ फिरला का, टक् झालं का, सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट राहिले, एवढं कागदावर लिहा आणि तो कागद मिस्त्रीला द्या.