फोन आडवा केला की आकडा शून्य का होतो?

अँड्रॉइड अ‍ॅप लिहायला शिकणाऱ्याने भाषेचा सारा अभ्यास संपण्याची वाट न पाहता, बटण दाबले की आकडा एकाने वाढवणारे एक छोटे अ‍ॅप कोटलिनमध्ये लिहून पाहावे; जेटब्रेन्स कंपनीने घडवलेल्या या भाषेला गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली. खरा सराव मात्र फोन आडवा केल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा आकडा पुन्हा शून्यावर येतो. दिशा बदलताच अँड्रॉइड चालू ‘अ‍ॅक्टिव्हिटी’, म्हणजे पडदा सांभाळणारा घटक, सामान्यतः नष्ट करून नव्याने उभारते आणि तिच्यात साठवलेली किंमत तिच्याबरोबरच जाते. तीच किंमत या पुनर्बांधणीत टिकून राहणाऱ्या ‘व्ह्यूमॉडेल’ या घटकात ठेवली, की आकडा शाबूत राहतो; तरीही मेमरी कमी पडल्याने प्रणालीने अ‍ॅपची संपूर्ण प्रक्रियाच बंद केली, तर तोही पुरत नाही आणि अवस्था वेगळी जतन करावी लागते. तयार उत्तर वाचण्यापूर्वी ‘लॉगकॅट’ या नोंदींच्या खिडकीत प्रत्येक टप्प्यावर एक ओळ उमटवून हा क्रम स्वतः पाहणे, हा या सरावाचा सर्वांत मोलाचा भाग होय. संगणकावरील आभासी फोन, म्हणजे एम्युलेटर, जड जात असल्यास केबलने जोडलेला खरा अँड्रॉइड फोनही त्यासाठी चालतो.