शस्त्रापूर्वी शब्द

पोलीस शिपायाच्या कमरेला शस्त्र असते ते लोकांच्या रक्षणासाठी. परंतु ज्याचे रक्षण करावयाचे, तोच स्वतःच्या जिवावर उठला असेल, तर त्या शस्त्राचा उपयोग काय? अमेरिकेतील मेम्फिस शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये हा प्रश्न फार दारुण रीतीने उभा राहिला. मानसिक आजाराने ग्रासलेला एक तरुण सुऱ्याने स्वतःला जखमा करून घेत होता. मदतीसाठी पोलिसांना बोलावण्यात आले. सुरा खाली टाकण्याची त्यांची आज्ञा त्याच्या मनापर्यंत पोहोचली नाही, आणि पोलिसांच्याच गोळ्यांनी त्याचा अंत झाला.

शहर हळहळले, पण हळहळून थांबले नाही. पोलीस, मनोविकारतज्ज्ञ, विद्यापीठे आणि रुग्णांचे आप्त एकत्र आले व १९८८ मध्ये एक खास पथक उभे राहिले. स्वेच्छेने पुढे येणाऱ्या पोलिसांना ४० तासांचे शिक्षण देण्यात येऊ लागले.

या शिक्षणाचे मर्म साधे आहे. भेदरलेल्या मनाला दरडावणी हा हल्लाच वाटतो. म्हणून अंतर राखावे, एकानेच बोलावे, आवाज खाली ठेवावा, नाव विचारावे आणि घाई करू नये. हे केवळ सांगून भागत नाही. प्रसंग रचून त्याची तालीम करावी लागते. शिवाय पोलिसाने आणलेल्या रुग्णाला रुग्णालयाने विनाविलंब दाखल करून घ्यावे लागते. एरवी कोठडीचीच वाट सोपी ठरते.

संकटात पोलिसाचेही मन असतेच. भीतीने छाती धडधडते, दृष्टी आकुंचित होते आणि हात शस्त्राकडे जातो. स्वतःचा श्वास सावरता आला, तरच दुसऱ्याला सावरता येते. जागरणाने शिणलेल्या शिपायाकडून हा संयम मागायचा, तर त्याच्या विश्रांतीची आणि मन मोकळे करण्याची सोयही खात्यानेच करावयास हवी.

अशा शिक्षणाने पोलिसांची समज वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे. प्रत्येक दुर्घटना त्याने टळेल, असे मात्र नाही.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा मनोरुग्णाला संरक्षणाखाली घ्यावे, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचवावे; कोठडीत मात्र ठेवू नये. कायद्याने वाट दाखविली आहे. त्या वाटेवर रुग्णाशी पहिला शब्द कसा बोलावा, हे मात्र शिपायाला शिकवावेच लागेल.