हुंडीची अब्रू

आपल्या किनाऱ्यावरील भाविक उज्जैनला जातो आणि महाकालाचे दर्शन घेऊन परततो. अठराव्या शतकात त्या देवालयाचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, हेही त्यास ठाऊक असते. परंतु त्याच नगरीच्या सराफी पेठेत पत हेही एक दैवत होते, याचे स्मरण आज फार थोड्यांना असेल.

पेशवाईत माळव्याचा वसूल पुण्यास पोहोचे तो हुंड्यांच्या द्वारे. पुढे मुंबई-दमणच्या वाटेने चाललेल्या माळव्याच्या अफूच्या व्यापारातही पैसा फिरे तो हुंड्यांवरच. दर्शनी हुंडी दाखविताच आणि मुदती हुंडी मुदत भरताच दूरच्या पेढीने सकारावयाची. शाहजोग हुंडीची रक्कम पेठेत पत असलेल्या गृहस्थाच्याच हाती पडावयाची. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहून मिळे. ज्या पेढीचा कागद बिनबोभाट वटे, तिला हुंडणावळ कमी पडे. जिच्याविषयी कुजबूज सुरू होई, तिला अधिक. व्यापाऱ्याची अब्रू अशी रोजच्या रोज आण्यापैशांत मोजली जाई. एक हुंडी न सकारता परत आली, तर पिढ्यांनी मिळविलेले नाव धुळीस मिळे. नरसी मेहतांची हुंडी प्रत्यक्ष द्वारकाधीशाने शेठजीचे रूप घेऊन सकारली, हे कीर्तनातील आख्यान श्रोत्यांच्या मनाला भिडते ते यामुळेच.

या व्यवस्थेचे आम्ही सरसकट गोडवे गात नाही. सावकाराची हुंडी मुंबईत वटत असताना अफूचे पीक काढणारा कुळवाडी त्याच सावकाराच्या वहीत अडकलेला असे. पत ही मूठभरांची मिरास होती.

आज कायद्याने बरेच काही दिले आहे. न वटलेला धनादेश १९८९ पासून फौजदारी गुन्हा ठरला. लहान उद्योजकाचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले. २०१६ पासून यूपीआयमुळे चहाचे दहा रुपयेही क्षणात पोहोचू लागले. असे असता, मोठ्या खरेदीदाराकडे लहान कारखानदाराची बिले महिनोन्‌महिने पडून राहतात, हे कसे? पैसा पोहोचविण्याचे साधन वेगवान झाले, पण देणे थकविण्यातील लाज ओसरली. थकबाकीदार मोटारीतून मिरवतो आणि ज्याचे पैसे अडकले तो कामगारांच्या पगारासाठी व्याजाने कर्ज काढतो. शिवाय पुढील ऑर्डर जाईल या भीतीने तक्रारही करीत नाही.

कायद्याचा धाक येथे अपुरा पडतो. पेठेचा धाक त्याच्या जोडीला हवा. आपल्या व्यापारी मंडळांनी एवढे तरी करावे : ज्याच्याकडे लहानांची देणी मुदतीबाहेर थकली आहेत, त्यास व्यासपीठावर मानाची खुर्ची देऊ नये. उज्जैनच्या पेठेला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.