केस सरळ का राहत नाहीत?

ठाण्याच्या गोखले रोडवरून किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवरून फेरफटका मारला, तर ब्युटी पार्लरच्या पाट्यांवर स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रिबाँडिंग, केराटिन असे शब्द दिसतात. सर्वांचा मथितार्थ एकच : कुरळे केस सरळ करून मिळतील. अलीकडे मात्र उलट वाटेने जाणाऱ्या मुली आणि स्त्रियाही भेटतात. काही वर्षे केस सरळ करून घेतल्यावर त्या ते थांबवतात आणि मूळचे कुरळे केस पुन्हा वाढू देतात. या वाटेवरचे पहिले वर्ष अवघड जाते. नववी-दहावीच्या वर्गात अशी विद्यार्थिनी असेल, तर ‘केस विंचरून येत जा’ हे वाक्य तिला वारंवार ऐकावे लागते. तिने केस विंचरलेले असतात. अडचण निराळीच असते. ती समजण्यासाठी आधी केसाची रचना पाहू.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. त्याचा जिवंत भाग त्वचेखाली, केसाच्या मुळाशी असतो. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो. केराटिनचे लांबलचक रेणू एकमेकांशी प्रामुख्याने दोन प्रकारांनी बांधलेले असतात. पहिला हायड्रोजन बंध. तो दुबळा असतो, पाण्याने सुटतो आणि केस वाळला की पुन्हा जुळतो. ओले केस गुंडाळून वाळवले की त्यांना तात्पुरता बाक येतो तो यामुळेच. दुसरा बंध गंधकाच्या दोन अणूंमधला. सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असतो. शेजारच्या दोन साखळ्यांतील असे अणू जोडले गेले की भक्कम पूल तयार होतो. पाण्याने तो तुटत नाही. केस जळताना येणारा उग्र वास या गंधकाची आठवण करून देतो.

मग केस कुरळा का होतो? सरळ केसाचे मूळ त्वचेत बरेचसे सरळ असते, तर कुरळ्या केसाचे मूळ वाकलेले असते. अशा मुळातून घडणाऱ्या केसाच्या दोन बाजू सारख्या नसतात. वळणाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूच्या पेशींची रचना वेगळी असते. द्विधातू पट्टी तापवली की दोन धातूंच्या असमान प्रसरणामुळे ती वाकते, हे आपण वर्गात शिकवतो. केसाचे काहीसे तसेच आहे. म्हणजे कुरळेपणा हा केस नीट न राखल्याचा परिणाम नसून तो मुळातच घडतो.

आनुवंशिकता शिकवताना ‘कुरळे केस प्रभावी, सरळ केस अप्रभावी’ असे उदाहरण कधी कधी दिले जाते. प्रत्यक्षात यात एकच जनुक नसून अनेक जनुके गुंतलेली आहेत. म्हणून एकाच घरात सरळ, लाटदार आणि कुरळे अशा सर्व छटा आढळतात. हे उदाहरण मेंडेलच्या वाटाण्यांच्या पंक्तीत बसवू नये, हे बरे.

आता केस सरळ करण्याची रसायने. परदेशात जुन्या काळापासून वापरात असलेल्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्क असतो. तो गंधकाच्या पुलातला एक अणू काढून घेतो, त्यामुळे तो पूल पूर्ववत होत नाही. आपल्याकडच्या रिबाँडिंगमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातील रसायन हे पूल तोडते. मग तापलेल्या इस्त्रीने केस सरळ ताणतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रवाने नव्या जागी पूल बांधून घेतात. ‘केराटिन’ या उपचाराचे नाव मात्र फसवे आहे, कारण केस स्वतःच केराटिनचा असतो. यातील काही द्रवांमधून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते, तर काहींमध्ये ग्लायॉक्सिलिक आम्ल असते. फॉर्माल्डिहाइड हा माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठरवले. ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेला द्रव वापरल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला वारंवार इजा झाल्याचा वृत्तांत २०२४ मध्ये एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यासोबत उंदरांवरील प्रयोगही होते.

अमेरिकेतील ‘सिस्टर स्टडी’ने ३३,४९७ स्त्रियांच्या माहितीवरून २०२२ साली एक अंदाज मांडला. सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण केस सरळ करणारी रसायने न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघाले. हा सहसंबंध आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने ही रसायने सुरू करण्यापूर्वी ही माहिती तिला आणि तिच्या पालकांना असायला हवी.

या सर्व रसायनांचा परिणाम बाहेर आलेल्या, मृत केसावर होतो. मुळाचा आकार त्यांनी बदलत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीन-चार महिन्यांत टाळूजवळचा नवा भाग कुरळा आणि खालचा जुना भाग सरळ दिसू लागतो. दोहोंच्या सीमेवर केस सर्वांत दुबळा असतो आणि तेथेच तुटतो. खांद्यापर्यंतचे, म्हणजे तीसेक सेंटिमीटर लांबीचे केस पूर्णपणे नवे यायला दोन ते अडीच वर्षे लागतात. वाट पाहायची तयारी नसेल तर जुना भाग एकदम कापावा. नाहीतर दर दोन-तीन महिन्यांनी थोडा थोडा कापत जावा.

त्यात आपली हवा. ठाणे खाडी आणि उल्हास नदीच्या या परिसरात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या पुढे असते. दमट हवेतले पाणी केसात शिरते, हायड्रोजन बंध सुटतात आणि नव्या जागी जुळतात. प्रत्येक केस आपापल्या परीने फुगतो, वळतो. सकाळी घट्ट बसवलेले केस कल्याणहून निघालेल्या लोकलमधून ठाण्याला उतरेपर्यंत पिंजारतात ते यामुळे.

काळजी घेण्याचे उपाय याच माहितीतून निघतात. टाळूवरचे तेल कुरळ्या केसाच्या वळणांवरून टोकापर्यंत सहज पोहोचत नाही, म्हणून टोके कोरडी राहतात. सारखे शाम्पू करणे टाळावे आणि धुतल्यावर कंडिशनर लावावा. शाम्पूनंतर केसावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधले धनभारित रेणू त्याला चिकटतात आणि केसांमधले घर्षण कमी होते. विंचरायचे ते केस ओले आणि कंडिशनर लावलेले असताना, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर जात. कोरडे कुरळे केस विंचरले की बटा फुटतात आणि केस तुटतात. खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी मऊ पंचाने टिपावे.

खोबरेल तेलाचा आपला जुना रिवाजही येथे उपयोगी पडतो. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी मुंबईत केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. केसातील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, कारण त्याचे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. धुण्यापूर्वी तेल लावण्याला असा आधार आहे. मात्र पाणीकपातीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी आले आणि ते जड असले, तर त्यात साबणाने केस धुऊ नयेत. साबणाचा चिकट साका केसांवर बसतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ साली केसापासून बनवलेल्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस सुमारे दोन टक्के लांबतो. २५ सेंटिमीटरच्या केसात हा फरक ५ मिलिमीटर होतो. साबणाने धुऊन वाळवलेला लांब केस वरच्या टोकाला चिकटवा. पेय पिण्याची नळी एका टोकाजवळ टाचणीने पुठ्ठ्यावर सैल बसवा आणि केसाचे खालचे टोक टाचणीपासून एक सेंटिमीटरवर, नळीच्या लांब बाजूला बांधा. केस ताणलेला राहील इतपत नळीचे वजन पुरते. शेजारी ओला कपडा धरून वरून पिशवी झाका. काही वेळाने दर्शक खाली सरकलेला दिसेल. जून ते ऑक्टोबर रोजच्या नोंदी ठेवून आलेख काढता येईल.

प्रयोगासाठी केस मागितला की बहुतेक वेळा सरळ केसच पुढे येतात. कुरळाही मागावा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावावेत. आणि पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी कुणाचे केस पिंजारलेले दिसले, तर तिला काही बोलण्याआधी दर्शकाकडे एकदा नजर टाकावी.