न वाजणाऱ्या गिटारींचे मोल

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला गेलेला जाणकार संग्राहक ती सर्वप्रथम वाजवून पाहत नाही. तो खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढतो. विक्रेत्याच्या संमतीने मागचे झाकण उघडले जाते आणि आतल्या तारांच्या सांध्यांवरून भिंग फिरू लागते. साठ वर्षांपूर्वीचा डाख आता निस्तेज, करडा झालेला असतो. तिथे एखादा चकचकीत थेंब दिसला, की मध्यंतरी कुणीतरी हात घातला आहे हे कळून चुकते. नंतर खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावतात. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर त्या प्रकाशात हिरवट-पिवळ्या झाकेने उजळतो; जिथे मागाहून रंग चढवला असेल तो भाग वेगळा उठून दिसतो. एवढे सगळे झाल्यावर तारा छेडल्या जातात, कित्येकदा केवळ उपचार म्हणून.

वाद्याचे मोल त्याच्या नादावर ठरते, ही आपली साधी समजूत. अमेरिकेत गेल्या पाच दशकांत फोफावलेल्या या छंदाचे शास्त्र मात्र निराळे आहे. ज्या गिटारीला तिच्या जन्मानंतर कमीत कमी हात लागले, ती सर्वांत मोलाची. मूळ रंग, मूळ खुंट्या, मूळ स्क्रू, इतकेच काय मूळ पेटी आणि खरेदीची पावतीसुद्धा हिशेबात धरली जाते. नव्याने रंगवलेल्या गिटारीची किंमत जवळपास निम्म्यावर येते, हा या बाजारातला सर्वमान्य ठोकताळा आहे. मग तो रंग कितीही कौशल्याने दिलेला असो.

यातला विरोधाभास ध्यानात येण्यासाठी या गिटारी मुळात काय होत्या, हे पाहावे लागते. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५० च्या सुमारास त्याने जे वाद्य बाजारात आणले, त्याचे रूप कारागिराच्या कलाकृतीपेक्षा यंत्राच्या जातीचे होते. सपाट लाकडी फळी, तिला चार स्क्रूंनी जोडलेली मान, आणि तारांखाली चुंबकांवर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि तांब्याच्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. तोच पुढे ध्वनिवर्धकात मोठा होऊन ऐकू येतो. मान झिजली किंवा वाकली तर स्क्रू काढून दुसरी बसवावी, हाच तर त्या रचनेचा हेतू होता. पुढे याच गिटारीला ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळाले, आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. सुटे भाग बदलता यावेत म्हणून जन्माला घातलेले हे वाद्य. आज त्याचा एक सुटा भाग बदललेला निघाला, की संग्राहक मान फिरवतो.

सुटे भाग हीच या गिटारींची जन्मपत्रिका. आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळीच्या पाठीवर एक क्रमांक ठोकलेला असतो. समजा तो १३७६६१२ आहे. पहिले तीन आकडे तो भाग बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे दोन १९६६ या वर्षाचे आणि शेवटचे दोन त्या वर्षातल्या बाराव्या आठवड्याचे. म्हणजे १९६४ ची म्हणून विकली जाणारी गिटार पोटात ही कळ घेऊन बसली असेल, तर एक तर ती दुरुस्त झाली आहे किंवा विकणारा खोटे बोलतो आहे. फेंडरच्या मानेच्या टोकाशी, एरवी दिसणार नाही अशा जागी, कामगारांनी पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहून ठेवलेले आढळते. पन्नासच्या दशकातल्या काही मानांवर तादेओ गोमेझ या कामगाराची आद्याक्षरे सापडतात. अबिगेल इबारा ही महिला १९५६ पासून तिथे पिकअपची तार गुंडाळत होती. ती २०१३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या हातचे पिकअप मिळवण्यासाठी वादक धडपडत होते. रोजंदारीच्या कामाचे असे भाग्य क्वचितच उजळते.

या छंदाचे कुलदैवत म्हणावे अशी गिटार मात्र फेंडरची नसून गिब्सनची आहे. मिशिगनमधल्या कॅलमझू येथील कारखान्यात १९५८ ते १९६० या काळात ‘लेस पॉल’ या नावाची, पिवळ्यातून तांबड्यात विरत जाणाऱ्या रंगाची गिटार बनली. संग्राहक तिला नुसते ‘बर्स्ट’ म्हणतात. त्या वेळी तिची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती, आणि तरीही ती खपेना. तीन वर्षांत सुमारे दीड हजार नग बाहेर पडले असावेत. मग कंपनीने तो आकारच मोडीत काढून १९६१ मध्ये नवा आणला. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टनने आणि त्यानंतर अमेरिकेत माइक ब्लूमफील्डने अशा गिटारीतून काढलेला दाट, रेंगाळणारा स्वर ऐकून वादक दुकाने धुंडाळू लागले. दुकानांत ती नव्हतीच. मागणी इतकी वाढली, की १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा बनवायला घ्यावी लागली. मूळच्या दीड हजारांतल्या चांगल्या स्थितीतल्या एकेका गिटारीला आज काही लाख डॉलर मोजावे लागतात.

या गिटारींचे सौंदर्य बऱ्याच अंशी कारखान्याच्या गफलतींवर उभे आहे, आणि संग्राहकांचे खरे प्रेम तिथेच जडलेले दिसते. त्यांच्यावरचा तांबडा रंग कच्चा होता. दुकानाच्या खिडकीत उन्हात टांगलेल्या गिटारीचा तांबडा उडून ती मधाच्या रंगाची झाली, कुठे चहाच्या, कुठे लिंबाच्या. पलंगाखाली पेटीत राहिलेली तशीच लालभडक राहिली. परिणामी एकीसारखी दुसरी नाही. १९६० मध्ये कंपनीने पक्का रंग आणला. संग्राहकांच्या लेखी मात्र ती सुधारणा कमी मोलाची ठरली! तीच गोष्ट पिकअपची. सेथ लव्हर या अभियंत्याने तयार केलेल्या, विजेची गुणगुण मारणाऱ्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपला पेटंट मिळायचे होते, म्हणून त्यावर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली जाई. तार सुमारे पाच हजार वेढे गुंडाळायची. पण तेव्हाच्या यंत्रांवर वेढ्यांचा नेमका हिशेब राहत नसे आणि चुंबकही जो हाताशी असेल तो बसवला जाई. म्हणून प्रत्येक पिकअपचा आवाज जरा वेगळा.

या एका चिठ्ठीने एक दुःखद व्यवहारही जन्माला घातला. असे अस्सल पिकअप सुटे विकले तरी हजारो डॉलर येतात. त्यामुळे त्याच काळातल्या, पण संग्राहकांना तितक्या प्रिय नसलेल्या गिटारी फोडून त्यांचे पिकअप काढले गेले आणि बर्स्टच्या हुबेहूब नकलांत बसवले गेले. चिठ्ठी खरी, पिकअप खरा, गिटार खोटी. अशा कामासाठी किती निरोगी वाद्यांचे अवयव काढले गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. संग्राहक आरंभी स्क्रू-ड्रायव्हर काढतो त्याचे खरे कारण हे आहे.

फेंडरच्या बाबतीत काळाची रेघ अधिक ठसठशीत आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. उत्पादन वाढले, दर्जा हळूहळू घसरला. संग्राहक मंडळी तेव्हापासून ‘सीबीएसपूर्व’ आणि ‘सीबीएसोत्तर’ असे दोन युगांचे भेद पाडतात. थोडा अन्याय त्यात आहे. मालक बदलला म्हणून लाकूड आणि कामगार एका रात्रीत बदलले नव्हते. तरी १९६४ आणि १९६६ मधल्या सख्ख्या बहिणींच्या किमतींत मोठी दरी आहे. रंगाचेही तसेच. फेंडर मोटारींसाठी बनलेले रंग वापरी, आणि नेहमीपेक्षा वेगळा रंग हवा तर पाच टक्के जादा आकारी. ते पाच टक्के वाचवण्याचा शहाणपणा बहुतेकांनी केला. म्हणूनच आज मूळ रंगातली लाल किंवा आकाशी स्ट्रॅटोकास्टर भाव खाते.

पण मग या गिटारींनी करायचे काय? फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. वाजवले की त्या झिजतात. बदलल्या की अस्सलपणाला बट्टा लागतो. न बदलल्या तर एका मर्यादेनंतर गिटार सुरात वाजत नाही. पेटीत बंद ठेवावी, तर जुन्या सेल्युलॉइडच्या पट्ट्यांतून वायू सुटून शेजारचा धातू गंजतो. थंडीत लॅकरला बारीक तडे जातात. हौशी संग्राहकाची झोप उडवणारे प्रश्न हे असे असतात. यातून एक मजेदार तोडगा बाजारानेच काढला आहे. रंग बदललेली, मान तुटून सांधलेली, पिकअप गमावलेली जुनी गिटार निम्म्या भावात मिळते, आणि तिला हात लावायची भीती उरत नाही. पोटासाठी वाजवणारे वादक तीच घेतात. बाजाराच्या नजरेतून उतरलेल्या गिटारीच आता निर्धास्तपणे वाजतात. उलट टोकाला, फेंडरने १९९५ पासून नव्या गिटारी मुद्दाम झिजवून, रंग खरवडून विकायला सुरुवात केली. त्यांना गिऱ्हाईकही भरपूर मिळाले.

जुने लाकूड खरोखरच अधिक गोड बोलते का, हा वाद मिटणारा नाही. व्हायोलिनच्या बाबतीत इंडियानापोलिस येथे २०१० मध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, काळे चष्मे घालून वाजवणाऱ्या निष्णात वादकांना स्त्राडिव्हारीपेक्षा नवी व्हायोलिने अधिक आवडली होती. गिटारप्रेमींना हा दाखला फारसा रुचत नाही.

लाकडाच्या वादाला कायद्याचीही बाजू आहे. जुन्या गिटारींच्या मानेवरची काळसर पट्टी बहुधा ब्राझिली रोझवूडची असते. १९९२ पासून त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. अशी गिटार परवान्याविना देशाबाहेर नेणे धोक्याचे. हे लाकूड दुर्मिळ झाल्यावर साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कारखाने वळले ते भारतीय रोझवूडकडे, म्हणजे आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या जंगलांत वाढणाऱ्या शिसवीकडे. आजीच्या शिसवी पलंगाचे आणि रॉक संगीताचे नाते इतके जवळचे आहे. २०१७ पासून शिसवही त्या नियंत्रणाच्या कक्षेत आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली.

आतापर्यंत सांगितलेले सारे नियम एकाच कारणाने धाब्यावर बसतात: गिटार कुणाची होती. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मूरने १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर पाहा. तिची मान अनेकदा बदलली, पिकअप बदलले, पुढची पट्टी बदलली, अंगाला जास्तीची छिद्रे पाडली आणि बुजवली. अनामिक मालकाने असे केले असते तर संग्राहकांनी कपाळाला हात लावला असता. २० जून २०१९ रोजी क्रिस्टीजच्या लिलावात तिच्यासाठी दीड लाख डॉलरपर्यंतची अपेक्षा होती. ती गेली ३९ लाख ७५ हजार डॉलरना. गिल्मूरच्या सव्वाशेच्या घरातल्या गिटारींचे मिळून २ कोटी १४ लाखांवर डॉलर आले आणि ते त्याने हवामानबदलाविरुद्ध कायदेशीर लढा देणाऱ्या ‘क्लायंटअर्थ’ या संस्थेला दिले. त्याउलट अभिनेता रिचर्ड गेअरचा शंभराहून अधिक गिटारींचा संग्रह २०११ मध्ये ९ लाख ३६ हजार डॉलरना गेला. तो संग्रह निवडक आणि डोळसपणे जमवलेला होता. पण गेअर पडद्यावरचा माणूस.

काळी स्ट्रॅटोकास्टर घेणारा जिम इर्से हा व्यवसायाने अमेरिकी फुटबॉल संघाचा मालक आणि वृत्तीने हौशी संग्राहक. जेरी गार्सियाची ‘टायगर’ त्याने २००२ मध्ये घेतली, कर्ट कोबेनची निळी मस्टँग २०२२ मध्ये ४५ लाखांवर डॉलरना. तो या गिटारी शहरोशहरी मोफत प्रदर्शनांत मांडी. २१ मे २०२५ रोजी त्याचे निधन झाले.

आणखी एक गिटार या सगळ्या हिशेबाच्या पलीकडली आहे. १९५९ ची ती बर्स्ट मूळची फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनची. तिच्या एका पिकअपचे चुंबक उलटे बसले होते. दोन्ही पिकअप एकदम सुरू केले, की पोकळ, नाकात बोलल्यासारखा विचित्र स्वर निघे, आणि ग्रीनने त्यालाच आपला आवाज बनवले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ती तरुण गॅरी मूरला अगदी किरकोळ किमतीत दिली. मूरच्या काळात तिचा शेंडा तुटून सांधला गेला. २००६ मध्ये त्याने ती विकली आणि काही वर्षे ती संग्राहकांच्या हातांत फिरत राहिली. २०१४ मध्ये मेटालिकाच्या कर्क हॅमेटने ती घेतली. त्यानंतर त्याने ती कपाटात ठेवली नाही. हजारोंच्या मैफलींत खांद्याला लावून वाजवली, घामात भिजवली. चुंबक मात्र आजवर कुणी सरळ केलेले नाही.