खेळाचा पट आणि गावाचा प्रश्न

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात सापशिडीचा जुना पट अजून असेल. पावसाची झड लागली, शाळेला सुट्टी मिळाली की तो खाली यायचा. नव्व्याण्णवाच्या घराजवळचा साप चुकवताना आपण नीतीचा धडा गिरवतो आहोत, असे कुणाच्या मनातही येत नसे. मुळात मात्र तो धडाच होता.

या खेळाचे आपल्याकडचे जुने नाव मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल डॉ. वा. ल. मंजुळ यांनी या पटांचा अभ्यास केला. वैष्णव पटांवर सामान्यतः 72 घरे असत, जैन पटांवर 84. प्रत्येक घराला नाव असे. दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड, सद्गुणाच्या घरात शिडीचा पाया, आणि प्रवासाचा शेवट मोक्षात. कवड्यांचे दान म्हणजे प्रारब्ध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेळ इंग्लंडात गेला. तिथे आधी नावे बदलली, मग पुसली गेली आणि 1 ते 100 एवढे आकडे उरले. साप राहिला, तो का गिळतो, हे मात्र हरवले.

असे का झाले? मोक्षपटाचा सारा अर्थ घरांच्या नावांत होता. खेळणाऱ्याला निवड करायची नव्हती. दान पडेल तसे जायचे. नावे पुसताच अर्थ गेला आणि खेळ मात्र तसाच चालू राहिला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी ‘लँडलॉर्ड्स गेम’ नावाचा खेळ रचून 1904 साली त्याचे पेटंट मिळवले. जमीन थोड्यांच्या हाती गेली की भाडेकरू कसे नागवले जातात, हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी दोन नियमावल्या केल्या. एकीत सगळी मालमत्ता एकाकडे जमते. दुसरीत संपत्ती निर्माण झाली की सर्वांना वाटा मिळतो. पुढे 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने हा खेळ ‘मोनोपोली’ म्हणून बाजारात आणला, तेव्हा पहिली नियमावली तेवढी उरली. आपल्या घराघरांत पोचलेला ‘व्यापार’ त्याच वंशातला. मक्तेदारीविरुद्ध इशारा म्हणून रचलेल्या खेळात आपली मुले दुसऱ्याचे दिवाळे काढून टाळ्या पिटतात.

या दोन्ही कथांमधून एकच गोष्ट शिकायची. चित्रे, नावे, सुविचार हे पटाचे कपडे. त्याचा स्वभाव नियमांत असतो. सामाजिक प्रश्नावर खेळ रचायचा तर जे सांगायचे ते नियमांतच सांगावे लागते.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते एका गावाच्या आधाराने पाहू. डिचोली तालुक्यातले सुर्ला घेऊ. (सत्तरीत चोर्ल्याकडचे याच नावाचे गाव वेगळे.) पाळी, वेळगे, कुडणे यांच्याप्रमाणे सुर्ला हे खाणपट्ट्यातले गाव. या पट्ट्यातले खनिज ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर आणि तिथून बार्जांनी मुरगावकडे जाई. खनिजाने पैसा आणला, पक्की घरे आणली. लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. दुसरीकडे खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले. खड्ड्यातले पाणी उपसावे, तशा आसपासच्या विहिरी खाली जाऊ लागल्या. एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती निघते. तिच्या डंपांवरचा चिखल पावसात शेतांत उतरतो. मग सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. पुढे ते सुरू झाले, पण न्यायालयाने 88 लीज रद्द ठरवल्यामुळे मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडले. ट्रक दारात उभे राहिले. हप्ते काही थांबले नाहीत.

आता पट मांडू. पहिले काम म्हणजे प्रश्न नेमका करणे. ‘खाण चांगली की वाईट’ हा वादाचा विषय झाला. त्यावर खेळ होत नाही. ‘एकट्याचा फायदा आणि सर्वांचे पाणी यांचा मेळ कसा घालावा?’ या प्रश्नावर होतो, कारण यात प्रत्येकाला दर खेपेस निवड करावी लागते.

दुसरे काम खेळाडू ठरवण्याचे. एकाला खाणमालक, एकाला शेतकरी केले की खलनायक आधीच ठरला. त्यापेक्षा चार घरे घ्यावीत, आणि प्रत्येक घराकडे एक ट्रक व एक शेत द्यावे. वास्तवही याच्या जवळचे आहे. एक भाऊ ट्रकवर, दुसरा शेतात, आणि विहीर एकच, अशी घरे या पट्ट्यात परकी नाहीत.

तिसरे काम नियमांचे. पटाच्या मध्यभागी 20 कवड्या ठेवा. हे गावाचे भूजल. खेळ 10 फेऱ्यांचा, एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर फेरीत प्रत्येकाने मुठीत लपवून ठरवायचे, ट्रक की शेत. ट्रक खाणीवर पाठवला तर 5 नाणी मिळतात, पण मधल्या 2 कवड्या जातात. शेत केले तर 3 नाणी, पाण्याला धक्का नाही. हप्ता 2 आणि घरखर्च 1, अशी 3 नाणी प्रत्येकाने दर फेरीत भरायचीच. नसतील तर कर्ज मांडायचे. फेरीअखेर पाऊस 4 कवड्या परत देतो, मात्र एकूण 20 च्या वर नाही. पाणी 8 कवड्यांखाली गेले की शेतांत गाळ भरला असे समजून ती पुढे पिकत नाहीत. आणि ‘खाण बंद’ अशी एक चिठ्ठी गड्डीत असते. ती कधी निघेल, हे कुणालाच माहीत नसते.

हिशेब करून पाहा. चिठ्ठी सहाव्या फेरीच्या आरंभी निघाली असे धरू. चौघांनी रोज ट्रक पाठवले असतील, तर प्रत्येकाकडे 10 नाणी जमली. पण चौथ्या फेरीतच पाणी 4 वर आलेले. उरलेल्या पाच फेऱ्यांत कमाई शून्य आणि देणे 15. शेवटी प्रत्येकावर 5 नाण्यांचे कर्ज. दर फेरीत दोघांनीच, पाळीपाळीने, ट्रक पाठवला तर पाणी 20 वरच राहते आणि शेवटी दोन घरांत 6, दोन घरांत 4 नाणी उरतात. पण बाकीचे आवर घालून पाणी राखत असताना एकटाच रोज ट्रक पाठवत राहिला, तर तो 10 नाणी घेऊन उठतो! हा मोह नियमात ठेवलाच पाहिजे. खाणीत कधीच फायदा नाही असे दाखवले, तर ज्याचे घर ट्रकवर उभे राहिले तो म्हणेल, ‘हे खोटे आहे,’ आणि पटावरून उठून जाईल. त्याला उठवून आपण काय मिळवले?

पहिला डाव मुक्याने खेळवावा, दुसऱ्यात फेरीआधी बोलायची मुभा द्यावी. बदल एवढाच करावा. आंध्र प्रदेशातल्या गावांत आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी यांनी शेतकऱ्यांकडून भूजलाचा असाच खेळ खेळवला आहे. जास्त पाण्याचे पीक की कमी पाण्याचे, अशी त्यात निवड असते. जिथे खेळ आणि नंतरची चर्चा झाली, त्या गावांत पाण्याची नोंदवही ठेवण्याकडे व नियम करण्याकडे कल अधिक दिसला, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

खेळ मुरला की तिसऱ्या डावात एक नियम वाढवता येईल. 2014 च्या निकालात न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. गावकरीच्या सामाईक उत्पन्नातून गावकारांना जोण देण्याची रीत गोव्याला जुनीच आहे. तेव्हा ट्रकच्या कमाईतले एक नाणे मडक्यात टाकायचे आणि ते कोणी, केव्हा काढायचे हे खेळणाऱ्यांनीच ठरवायचे. तो वाद ऐकण्यासारखा होईल.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. खेळ संपल्यावर तात्पर्य वाचून दाखवू नये. ‘पाचव्या फेरीत तुम्ही ट्रक का पाठवलात?’ एवढेच विचारावे. आणि नियम पक्के करण्याआधी गावातल्या लोकांना, त्यातही मतभेद असलेल्यांना, एका पटाशी बसवून खेळवून पाहावे. आकडे कुठे खोटे वाटतात, ते त्यांनाच आधी कळते.

डिसेंबर 2022 मध्ये लिलावाने खाणपट्टे देणे सुरू झाले, आणि पहिल्या पट्ट्यांत डिचोलीचा होता. म्हणजे तालुक्यापुढे हा प्रश्न पुन्हा आला आहे. ग्रामसभेत माणसे बाजू घेऊन बसतात. पटाशी बसली की निदान दहा फेऱ्या एकाच मडक्याकडे पाहतात. खर्च काही नाही. जुने धोतर, खडू, वीस कवड्या, नाण्यांऐवजी चिंचोके. येत्या पावसात घरच्या मंडळींबरोबर एक डाव मांडून पाहा. आणि ज्यांचे तुमच्याशी पटत नाही, त्यांनाही बोलवा.