दोन गल्ल्यांवरचं सरकार

नळाला पाणी आलं नाही, तर माणूस दिल्लीला पत्र लिहीत नाही. पायांत चपला सरकवतो आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या नगरसेवकाचं दार वाजवतो. बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी हिंगणघाटला होतो. सरकार म्हणजे काय, ते मला वणा नदीकाठच्या त्या गावात उमगलं. मंत्री वर्तमानपत्रात भेटत, नगरसेवक पानटपरीवर.

१८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला, तो मुख्यतः लोकांना राज्यकारभाराचे धडे मिळावेत म्हणून. हा धडा नेमका कुठे गिरवायचा? तिजोरीवर आणि मतपेटीवर.

तिजोरीचं आधी सांगतो. त्या काळी गावात शिरताना जकात नाका लागे. ट्रकांची रांग, पावत्यांची घासाघीस, वैतागलेले ड्रायव्हर. जकात कुणालाच आवडत नसे. पण ती गावची स्वतःची कमाई होती. कापसाचा बाजार फुलला की नगरपालिकेलाही चार पैसे अधिक मिळत. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्याऐवजी शासनाचं अनुदान येऊ लागलं. नाक्यावरची कटकट गेली, हे चांगलंच झालं. पण कर्जाच्या फायली चाळण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून एक सांगतो: घरच्या कमाईचा हिशेब घरातली माणसं मागतात, बाहेरून आलेल्या पैशाचा हिशेब, ज्यानं दिला तोच मागतो.

आता मतपेटी. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक, असं घटनेत स्पष्ट लिहिलं गेलं. तरीही २०२२ च्या सुरुवातीपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला. मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. २०११ च्या जनगणनेतच लाखाचा आकडा ओलांडलेल्या हिंगणघाटालाही तोवर थांबावं लागलं.

प्रशासकाच्या काळातही दिवे लागतात, कचरा उचलला जातो. प्रश्न तो नाही. प्रशासकाला पुन्हा तुमच्या दारी मत मागायला यायचं नसतं. बदलीचा हुकूम आला की तो निघून जातो. नगरसेवक चांगला असो की वाईट, त्याला त्याच गल्लीत राहायचं असतं.

आता ती दारं पुन्हा उघडली आहेत. पाण्यासाठी आपण ती वाजवूच. पण या वर्षी घरपट्टीची पावती हातात घेऊन एकदा हेही विचारून यावं, ‘भाऊ, आमच्या पैशाचं काय केलंत?’ रिपनला हवा होता, तो धडा तिथूनच सुरू होतो.